एकाच घरातल्या दोघी

१९८५ साली अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार, म्हणजे तिकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिळणारा सर्वांत मानाचा पुरस्कार, लोकसंगीताच्या विभागात एका बाईला मिळाला. तिचं वय त्या वेळी ९२ वर्षं होतं. तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा ती ६५ वर्षांची होती. त्याच्या आधीची चाळीसएक वर्षं तिने लोकांची घरं झाडली, कपड्यांना इस्त्री केली, स्वयंपाक केला आणि लेकरं सांभाळली. तिचं नाव एलिझाबेथ कॉटन. सगळं जग तिला लिबा म्हणून ओळखतं.

मैत्रिणींनो, अशी गोष्ट कानावर आली की आपण लगेच म्हणतो, ‘बघा, शिकायला वयाची अट नसते!’ आणि कामाला लागतो. पण लिबाची हकिगत जरा थांबून, नीट ऐकण्यासारखी आहे. एक तर ती साठाव्या वर्षी काही नवीन शिकली नाही, शिकली होती ती अकराव्या-बाराव्या वर्षीच. आणि दुसरं म्हणजे, ज्या घरात तिचं गाणं पुन्हा सुरू झालं, त्याच घरात आणखी एक बाई होती. तिनेही आपलं संगीत संसारासाठी बाजूला ठेवलं होतं. तिचं पुढं काय झालं, ते कळल्याशिवाय लिबाची गोष्ट पुरी होत नाही.

रुळांच्या कडेचं घर

अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथल्या चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावाला लागून असलेल्या वस्तीत, जिला आज कॅरबरो म्हणतात, ५ जानेवारी १८९३ रोजी लिबाचा जन्म झाला. घर कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. पाच भावंडांत ही धाकटी. घरात तिला सगळे लाडाच्या नावाने हाक मारत, त्यामुळे शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा पोरीने स्वतःच सांगून टाकलं, एलिझाबेथ! पुढं तेच नाव कायम झालं.

घराजवळून रेल्वेचे रूळ जायचे. दिवसरात्र मालगाड्यांची धडधड कानावर पडायची. घरात गाणं-बजावणं होतंच. मोठ्या भावाकडे बँजो होता. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो कळा असलेला बँजो नव्हे बरं का! हा गोल, चामड्याने मढवलेल्या तोंडाचा आणि लांब मानेचा, गिटारसारखा हातात धरायचा. भाऊ कामावर गेला की ही हळूच तो काढायची आणि तो यायच्या आत जागच्या जागी ठेवून द्यायची.

आता एक अडचण होती. पोरगी डावखुरी. बँजो उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा. भावाच्या वाद्याच्या तारा उलट्या लावायची सोय नव्हती, म्हणून तिने वाद्यच उलटं धरलं. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे ‘असं धरू नकोस’ म्हणणारंही कोणी नव्हतं. पुढं भाऊ घर सोडून गेला आणि बँजोही त्याच्याबरोबर गेला. मग हिने ठरवलं, आपलं स्वतःचं वाद्य घ्यायचं.

शाळा लवकरच सुटली होती. दारोदार फिरून तिने काम मिळवलं. झाडणं, स्वयंपाकात मदत, मुलं बघणं. पगार महिन्याला ७५ सेंट, म्हणजे पाऊण डॉलर. साठवलेल्या पैशांतून तिने दुकानातून एक गिटार घेतली, किंमत ३ डॉलर ७५ सेंट. हिशेब करून पाहा. एका लहान मुलीचा पाच महिन्यांचा पुरा पगार झाला तो. ती गिटार घरी आली आणि घरातल्यांची झोप उडाली, असं ती पुढं मैफलीत हसत हसत सांगायची.

अकरा-बारा वर्षांची असताना तिने एक गाणं रचलं. रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचं. ‘फ्रेट ट्रेन’ म्हणजे मालगाडीच. गाणं साधं आहे, पण त्यातली मुलगी स्वतःच्या मरणाबद्दल बोलते, आणि मेल्यावरही त्या गाडीचा आवाज आपल्याला ऐकू यावा असं म्हणते. एवढ्याशा पोरीला हे कुठून सुचलं असेल? पण वस्तीतलं आयुष्य तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि निघून जाणारी गाडीही.

उलटी गिटार

ज्यांना वाद्यांची आवड आहे त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने सांगते. गिटारला सहा तारा असतात. वरच्या बाजूच्या जाड तारा खर्जाच्या आणि खालच्या बारीक तारा वरच्या सुरांच्या. लिबाच्या मुलखात वाजवायची रीत अशी की, अंगठ्याने खर्जाच्या तारांवर एकआड एक ठेका धरायचा आणि बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवायची. जणू एकच माणूस तबला आणि पेटी दोन्ही सांभाळतो आहे. लिबाने गिटारच उलटी धरलेली. त्यामुळे बारीक तारा वर आल्या आणि खर्ज खाली गेला. मग तिची बोटं ठेका धरू लागली आणि अंगठा चाल वाजवू लागला. सगळंच उफराटं! पण त्यातून असा काही गोड, गोल नाद निघायचा की पुढं मोठमोठे गिटारवादक ती रीत शिकायला बसले. तिला त्यांनी नावच दिलं, ‘कॉटन पिकिंग’.

मी शाळेत थोडे तास शिकवते. डावखुऱ्या मुलाच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देणारे पालक अजूनही दिसतात. त्यांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते.

तिच्या गाण्यांना कुणी लोकगीतं म्हणतं, कुणी ब्लूज. ब्लूज हा तिकडच्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्याचा प्रकार. पुष्कळदा त्यात एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. दुःख सांगायचं, पण ठेक्यावर सांगायचं. लिबाच्या वाजवण्यात हे होतं, चर्चमधली भजनं होती आणि नाचाच्या चालीही होत्या. एक गाणं तिने शेजारच्या बाईने आईकडे खोटी चुगली केली म्हणून, त्या रागात रचलं! आपल्याला काही नवीन नाही, हो ना?

मग गाणं थांबलं

१९१० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव फ्रँक कॉटन. लवकरच लिली ही मुलगी झाली. त्याच सुमारास ती चर्चची सभासद झाली. तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की देवाची भजनं म्हणायची असतील तर ही ऐहिक गाणी सोडून दे. घरात संसार, बाहेर लोकांची घरकामं आणि वर हा उपदेश. गिटार हळूहळू मागे पडली. चर्चमध्ये क्वचित कधी वाजवली असेल तेवढीच.

कुणी तिच्या हातातली गिटार हिसकावून घेतली नाही की फोडली नाही. ‘आता नको, पुढं बघू’ असं म्हणता म्हणता ती सुटली. आपल्याकडे माळ्यावर गेलेल्या पेट्या, गवसणीतून वर्षानुवर्षं बाहेर न आलेले तंबोरे अशाच रीतीने जातात. कुणावर दोष ठेवावा अशी ठसठशीत घटना सापडतच नाही.

वर्षं गेली. नवऱ्याच्या कामाप्रमाणे बिऱ्हाड कधी या गावी, कधी त्या गावी. लिलीचं लग्न झाल्यावर लिबाने नवऱ्यापासून फारकत घेतली आणि पुढं वॉशिंग्टन शहरात लेकीकडे, नातवंडांत राहायला आली. घरकाम चालूच होतं.

हरवलेली मुलगी

चाळिशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वॉशिंग्टनमध्ये लँसबर्ग नावाचं मोठं दुकान होतं. नाताळच्या आधीच्या गर्दीच्या दिवसांत लिबा तिथं बाहुल्यांच्या विभागात काम करत होती. एक बाई आपल्या मुलींना घेऊन बाहुल्या घ्यायला आली आणि गर्दीत त्यातली एक मुलगी, पेगी, हरवली. लिबाला ती सापडली. तिने पोरीला आईच्या हवाली केलं. आईने आभार मानले, दोघी बोलल्या, आणि कधी घरकामाची गरज असेल तर जरूर कळवा म्हणून तिने आपला टेलिफोन नंबर दिला. काही दिवसांनी लिबा त्या घरी कामाला जाऊ लागली.

त्या आईचं नाव रूथ क्रॉफर्ड सीगर. हे घर संगीताचं होतं, अगदी ओसंडून वाहणारं. रूथबाईंचे यजमान चार्ल्स सीगर संगीताचे नामवंत अभ्यासक. त्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध लोकगायक पीट सीगर. रूथबाईंची चार मुलं, माइक, पेगी, बार्बरा आणि पेनी, सगळी गाण्या-वाजवण्यात वाढलेली. घरात लोकगीतांच्या तबकड्या सतत वाजायच्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुद्रित करून आणलेली ती गाणी रूथबाई पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलिपीत उतरवून घ्यायच्या. मुलांच्या जिभेला एलिझाबेथ हे लांबलचक नाव झेपेना, त्यांनी ते ‘लिबा’ करून टाकलं.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत साऱ्या देशाची लोकगीतं कागदावर उतरवली जात आहेत. आणि त्याच घरात एक बाई इस्त्री करते आहे, जिने बारा वर्षांच्या आत एक अस्सल लोकगीत रचलं आहे. ती बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. कामाला येणाऱ्या बाईला, ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारताना आपल्या मनात धुणं-भांडी आणि पोळ्या एवढंच असतं.

घरात पेगीची गिटार भिंतीला टांगलेली असे. लिबा ती अधूनमधून हातात घेऊ लागली. घरातली माणसं बाहेर गेली की वाजवायची, अगदी लहानपणी भावाचा बँजो वाजवायची तशीच. सुरुवातीला बोटं ऐकेनात. जवळजवळ सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं. मग एक दिवस पेगीने ऐकलं. आपली लिबा, गिटार उलटी धरून, ‘फ्रेट ट्रेन’ वाजवते आहे! त्यानंतर मुलांनी तिचा पिच्छा सोडला नाही. हे वाजव, ते वाजव, आणखी आठवतंय का बघ. आणि मागणी झाली तशी एकेक चाल, एकेक गाणं चाळीस वर्षांच्या खालून वर येऊ लागलं.

गाणं पुढं गेलं, नाव मागे राहिलं

पेगी मोठी झाली, स्वतः गायिका झाली आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये गेली. तिथं ती ‘फ्रेट ट्रेन’ म्हणायची. ऐकणाऱ्यांना गाणं आवडलं. इतकं आवडलं की दोघा इंग्रजांनी ते आपल्या नावावर नोंदवून टाकलं! १९५७ साली नॅन्सी व्हिस्की आणि चास मॅकडेविट यांच्या चमूने त्याची तबकडी काढली, ती इंग्लंडमध्ये पहिल्या पाच गाण्यांत गेली. आणि हे गाणं जिचं, ती वॉशिंग्टनमध्ये इस्त्री करत होती.

सीगर मंडळींनी खटपट केली, कायद्याची वाट धरली, तेव्हा पुढं त्या गाण्याला लिबाचं नाव लागलं आणि हक्काचा काही वाटाही मिळाला. गाणं आपलं आहे हे सिद्ध करायला साक्षीदार लागतात, कागद लागतात. अकरा वर्षांच्या पोरीकडे रुळांच्या कडेला कुठला कागद असणार?

पेगीचा मोठा भाऊ माइक याने मात्र एक फार चांगलं काम केलं. टेपरेकॉर्डर घेऊन तो लिबाच्या राहत्या घरी गेला आणि तिची गाणी मुद्रित केली. १९५८ साली फोकवेज या कंपनीने ती ध्वनिमुद्रिका काढली. त्यावर तिचं नाव होतं, चालींची माहिती होती आणि ‘फ्रेट ट्रेन’ तिच्या स्वतःच्या आवाजात होतं. आवाज काही तयारीचा नाही. थोडा बारीक, थोडा थकलेला. पण गिटार ऐकाल तर ऐकतच राहाल.

सदुसष्टाव्या वर्षी दौरा

१९६० च्या सुमारास तिने माइकबरोबर स्वार्थमोर कॉलेजमध्ये पहिली जाहीर मैफल केली. मग बोलावणी येऊ लागली. तो काळ असा होता की अमेरिकेतली तरुण मुलं शहरी गाण्यांना कंटाळून जुन्या लोकगीतांच्या शोधात निघाली होती. कॉलेजांतून, छोट्या सभागृहांतून, संगीत महोत्सवांतून त्यांना ती गाणी मुळात रचणारी माणसं ऐकायची होती. १९६४ साली न्यूपोर्टच्या नावाजलेल्या लोकसंगीत महोत्सवात ती गायली. खुर्चीवर बसलेली, केस नीटनेटके बांधलेले, गिटार उलटी. दोन गाण्यांच्या मध्ये ती गोष्टी सांगायची, भावाच्या बँजोची, पाऊण डॉलर पगाराची, चुगली करणाऱ्या शेजारणीची. मग श्रोत्यांना म्हणायची, चला, आता तुम्हीपण म्हणा. आणि सगळं सभागृह गायचं.

पण म्हणून घरकाम लगेच सुटलं असं समजू नका. गाऊन पोट भरेल इतके पैसे लोकगीतांत तेव्हा नव्हते. साठीच्या दशकात पुष्कळ वर्षं ती एकीकडे मैफली करत होती आणि दुसरीकडे लोकांच्या घरी कामाला जात होती. टाळ्या ऐकून आलेले हात परत इस्त्रीला लागायचे. वर्तमानपत्रांतल्या कौतुकाच्या लेखांत हे फारसं येत नाही.

१९६७ साली तिची दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली, ‘शेक शुगरी’. त्या नावाच्या गाण्याची गंमत अशी की ते तिने पणतवंडांच्या मदतीने रचलं. मुलं झोपायला आली की गाणं मागायची, ही चाल वाजवायची आणि एकेका ओळीची भर मुलं घालायची. घरातली एकेक वस्तू गहाण टाकत गेल्याचं ते गाणं आहे, आणि तरी ते हसत म्हणायचं आहे. ध्वनिमुद्रिकेवर ते लिबाने स्वतः म्हटलंच नाही. पणती ब्रेंडा हिने, बारा वर्षांच्या मुलीने, म्हटलं आणि पणजीने गिटार वाजवली. बारा वर्षांच्या मुलीचा सूर लिबाइतका आणखी कुणाला ओळखीचा असणार?

सत्तरी गेली, ऐंशी आली, तरी ती फिरतच होती. १९७८ साली तिने न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी स्वतःचं घर घेतलं. गाण्याच्या कमाईतून! तिथं ती लेकी-नातवंडांत राहिली. १९८४ साली सरकारने लोककलाकारांसाठीचा राष्ट्रीय सन्मान दिला आणि १९८५ मध्ये तो ग्रॅमी, मैफलींतून मुद्रित केलेल्या ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह’ या ध्वनिमुद्रिकेला. २९ जून १९८७ रोजी, ९४ व्या वर्षी ती गेली. बॉब डिलनसारख्या बड्या गायकांनी तिची गाणी आपल्या मैफलींत म्हटली. २०२२ साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानाच्या यादीत, त्या संगीताचा पाया घालणाऱ्यांत, तिचं नाव घालण्यात आलं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगू? तिच्या गावी, कॅरबरोमध्ये, रेल्वेच्या रुळांच्या कडेने जाणाऱ्या सायकलींच्या रस्त्याला तिचं नाव दिलं आहे.

आणि रूथ?

आता त्या दुसऱ्या बाईकडे येऊ या. रूथ क्रॉफर्ड १९०१ साली जन्मली. गाणी गाणारी नव्हे, ती संगीत रचणारी होती. नव्या पद्धतीचं, अवघड आणि धाडसी संगीत. १९३० साली गुगेनहाइम ही मोठी शिष्यवृत्ती तिला मिळाली. संगीतरचनेसाठी ती मिळवणारी ती पहिली स्त्री. युरोपात जाऊन १९३१ साली तिने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली, जिचा आज त्या शतकातल्या महत्त्वाच्या रचनांत समावेश होतो. १९३२ साली लग्न झालं. मग मुलं, मंदीचे दिवस, पैशांची ओढाताण. रूथ पियानोच्या शिकवण्या करू लागली, बालवाडीत गाणी शिकवू लागली, लोकगीतं स्वरलिपीत उतरवू लागली. तेही काम मोलाचंच होतं. मुलांसाठी तिने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला लोकगीतांचा संग्रह घराघरांत गेला. पण स्वतःचं संगीत रचणं जवळजवळ थांबलं.

पन्नाशी आली तेव्हा मुलं हाताशी आली होती. रूथने पुन्हा लेखणी उचलली. १९५२ साली तिने पाच सुषिर वाद्यांसाठी एक रचना पुरी केली. आता कुठे वाट मोकळी होत होती. आणि तेवढ्यात कॅन्सर झाला. १८ नोव्हेंबर १९५३ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी रूथ गेली. धाकटी पेनी तेव्हा शाळेतच होती.

पाहा, एका छपराखाली दोन बायका. एक मालकीण, एक कामाला येणारी. एक गोरी, शिकलेली, परदेशी जाऊन आलेली. दुसरी कृष्णवर्णीय, चार इयत्तांची. दोघींनी आपलं संगीत संसारासाठी बाजूला ठेवलं, दोघींनीही मनात म्हटलं असेल, पुढं बघू. लिबाला ‘पुढं’ मिळालं. ९४ वर्षांचं आयुष्य मिळालं, धडधाकट हात मिळाले. रूथला मिळालं नाही. यात लिबाची थोरवी नाही की रूथची चूक नाही. ज्याच्या त्याच्या आयुष्याची दोरी.

म्हणून ‘उशीर कधीच झालेला नसतो’ हे वाक्य मला आता अर्धंच खरं वाटतं. लिबाकडे पाहून ते म्हणावंसं वाटतं, रूथकडे पाहून म्हणवत नाही. आणि लिबाचीही चाळीस वर्षं कुठे परत आली? अकराव्या वर्षी ‘फ्रेट ट्रेन’ रचणाऱ्या मुलीने विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी काय काय रचलं असतं, ते कुणालाच कळणार नाही.

आपल्या घरात

मग आपण काय करायचं? संसार टाकून द्यायचा? छे! तसं या दोघींनीही केलं नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने सांगू? पण त्यांच्या हकिगतीतून चार साध्या गोष्टी मला दिसतात, त्या सांगते.

पहिली गोष्ट, वाद्य हाताशी असू द्या. सीगरांची गिटार भिंतीवर टांगलेली होती म्हणून लिबाचा हात तिच्याकडे गेला. माळ्यावर असती तर? तुमची पेटी, तुमची चित्रांची वही, भरतकामाची चौकट, कवितांची डायरी, जे काही असेल ते येता-जाता दिसेल अशा जागी ठेवा. धूळ बसते म्हणून बांधून ठेवू नका. धूळ पुसता येते.

दुसरी, वेळ ठरवून घ्या, मग तो पंधरा मिनिटांचा का असेना. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा, मुलांची शाळेची गाडी येईपर्यंतचा. ‘सगळं आवरलं की बसते’ म्हणाल तर सगळं कधीच आवरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! सुरुवातीला बोटं ऐकणार नाहीत. लिबाचीही ऐकत नव्हती.

तिसरी, जे तुम्ही केलं त्यावर नाव आणि तारीख घाला. गाणं रचलं, रांगोळीची नवी मांडणी काढली, नाटुकलं लिहिलं, अगदी मुलांसाठी अंगाईगीत जुळवलं तरी ते वहीत लिहा, टेलिफोनवर मुद्रित करून ठेवा. आपल्याच घरात ते राहिलं तरी नातवंडांना कळेल की हे आजीचं. नाहीतर कुणीतरी दुसरा त्यावर नाव घालायला बसलेलाच असतो.

आणि चौथी सर्वांत महत्त्वाची, ती दुसऱ्यांसाठी. लिबाचं गाणं परत आलं ते एका मुलीने कान देऊन ऐकलं म्हणून. आपल्या घरातही कोण काय गुणगुणतं ते ऐका. सासूबाई कधी काळी नाटकात काम करायच्या का? जाऊबाईंच्या हातात चित्रकला होती ना? आणि कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासताना जे म्हणतात, ते गाणं कुणाचं आहे, एकदा विचारा तर. चहाचा कप हातात देऊन विचारा आणि मग दोन मिनिटं काही काम सांगू नका.

‘फ्रेट ट्रेन’ आजही जगभर गायलं जातं, गिटार शिकणाऱ्या मुलांच्या पहिल्या धड्यांत असतं. संधी मिळाली तर घरातल्या मुलांकडून शोधून घेऊन एकदा जरूर ऐका, पण लिबाच्याच आवाजातलं. आणि पाठोपाठ रूथची ती १९३१ सालची रचना ऐका. ती लगेच कानाला गोड लागणार नाही, पण ऐका. दोन्ही मिळून अर्ध्या तासाच्या आत होईल. तेवढा वेळ गॅस बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.